सहाण, गुंज आणि अधोली : अडगळीत पडलेली आपली मानपरिभाषा

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील जुने वाडे आणि चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. आवराआवर करताना पोथ्या व छायाचित्रे कोणीतरी जपून नेतो; शेराचे माप, पितळी अधोली, झिजलेली सहाण मात्र मोडीत जाते. वैद्यांनी व औषधी दुकानदारांनी या मोडीकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नित्य वापरातील वस्तू संग्राह्य असतात, हे महाराष्ट्राला पुण्याच्या डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दाखवून दिले. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या या गृहस्थांनी सुमारे १९२० पासून दिवे, अडकित्ते, कुलुपे, दौती, स्वयंपाकघरातील भांडी जमविली. अकाली निधन पावलेल्या राजा या पुत्राच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या त्यांच्या संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. राजेरजवाड्यांच्या शस्त्रांइतकाच मान तेथे घरातल्या अडकित्त्याला मिळतो.

आपल्या दृष्टीने या वस्तूंचे मोल केवळ स्मरणाचे नाही. जुन्या वैद्यांच्या वह्यांतील योग ज्या मानांत लिहिले आहेत, ती मानेच या वस्तूंत आहेत. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली. त्यापूर्वीच्या वहीत ‘गुग्गुळ ५ तोळे’ असे असेल, तर प्रमाणित तोळ्याने ते ५८.३ ग्रॅम होतात. आयुर्वेदीय योगसंग्रहाच्या शासकीय मानाने, म्हणजे १२ ग्रॅमच्या तोळ्याने, ६० ग्रॅम. आणि आजच्या सराफी बोलीतील दहा ग्रॅमच्या तोळ्याने केवळ ५०. सर्व द्रव्ये तोळ्यांतच असतील तर परस्परप्रमाण बिघडत नाही. परंतु त्याच योगात पाणी शेराने सांगितले असेल, तर बिघडते.

शेराची अडचण याहून मोठी. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापी शेर मात्र आकारमानाचा. दोन नेळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. पायली तर प्रांताप्रांतात निराळी. शिवाय शेरभर धायटीची फुले आणि शेरभर आवळकाठी यांचे वजन एक नव्हे. वहीच्या मालकाने वापरलेले माप समोर असेल तरच त्या ‘शेरा’चा उलगडा होतो.

बाळगुटीत तर सहाण हेच माप आहे. हळकुंड एक वेढा, मुरुडशेंग दोन वेढे, असे आजी सांगे. वेढ्यात किती द्रव्य उतरेल हे सहाणेच्या खरखरीतपणावर आणि हाताच्या दाबावर अवलंबून. नव्या खरबरीत सहाणेवरचे दोन वेढे आणि गुळगुळीत झालेल्या सहाणेवरचे दोन वेढे यांत फरक पडतोच. जुन्या सहाणेचा खळगा म्हणजे पिढ्यानुपिढ्यांच्या मात्रेची नोंदच होय.

म्हणून आपल्या घरी वा दुकानात अशी वस्तू असल्यास पुढील गोष्टी अवश्य कराव्यात. चिंच लावून वा यंत्रावर घासून ती चकचकीत करू नये; सरकारी छाप व दुरुस्तीच्या खुणा पुसल्या जातात. मापात काठोकाठ किती मिलिलिटर पाणी मावते ते तीनदा मोजून लिहावे. गुंजा जपल्या असतील तर शंभर एकत्र तोलून सरासरी काढावी. शासकीय मान १२५ मिलिग्रॅमचे आहे. बोंडले असल्यास त्यातही पाणी मोजावे. वस्तू कोणाची, कोणत्या गावची, तीत काय मोजले वा उगाळले जाई, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत टिपावे. ती नोंद वहीच्या शेजारीच ठेवावी. जुनी भांडी औषधनिर्माणात मात्र पुन्हा वापरू नयेत. कल्हई व सांध्यांत शिसे असू शकते.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. या परिसराला ग्रंथ जपण्याची शिस्त जुनीच आहे. परंतु ग्रंथात ‘शेर’ हा शब्द राहील. तो शेर केवढा, हे मापच सांगेल. वस्तू उद्याही सापडेल, पण ती वापरलेला हात उद्या असेलच असे नाही. तेव्हा विचारपूस आजच करावी.