साखर कारखान्याच्या धुराड्यातून नेमके काय बाहेर पडते?

अहिल्यानगर : गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यालगतच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख दिसू लागते. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून साखर हा जिल्ह्याच्या अर्थकारणाचा कणा आहे. पण या धुराने श्वासावर काय परिणाम होतो?

राख येते कुठून?
एक टन ऊस गाळला की साधारण ३०० किलो ओला बगॅस, म्हणजे चिपाड उरते. ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज तयार होते. बगॅसमध्ये गंधक नगण्य असल्याने सल्फर डायऑक्साइड कोळशापेक्षा खूपच कमी निघतो. मुख्य प्रश्न धूलिकणांचा आहे.

जास्त धोका कशाचा?
दिसणारी राख जड असते, ती जवळपासच खाली बसते. न दिसणारे 'पीएम २.५' कण मात्र फुफ्फुसात खोलवर जातात. हवेतील त्यांची २४ तासांची मर्यादा भारतात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना १५ सुचवते. त्यात हंगाम ऐन थंडीचा. रात्री गार हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर जात नाही.

उपाय काय?
वेट स्क्रबर पाण्याच्या फवाऱ्याने राख पकडतो. ईएसपी यंत्रणा विद्युतभाराने बारीक कणही ओढून घेते. मात्र ती नुसती बसवून भागत नाही, बॉयलर पेटता असेपर्यंत चालू ठेवावी लागते.

तक्रार कुठे?
राख पडत असल्यास तारीख, वेळ आणि फोटोसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करता येते.