मुंग्यांची वाटणी आणि वांग्यावरील मावा

जळगावजवळील असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे जन्मगाव असून भरताच्या वांग्यांसाठीही नावाजलेले आहे. तापी खोऱ्यातील इतर शेतांप्रमाणे तेथेही एकाच बांधावर मुंग्यांच्या अनेक जाती नांदतात. बहुतेकांचे अन्न सारखेच : अळ्यांच्या वाढीसाठी मेलेले किडे आणि कामकरी मुंग्यांसाठी गोड रस. मग एक जात दुसरीला उपाशी का मारीत नाही?

याचे उत्तर सलोख्यात नसून सवयींच्या भेदात आहे. मेलेला नाकतोडा बहुधा चपळ जातीला प्रथम सापडतो. ती हाती लागेल तेवढा तुकडा उचलून निघून जाते. मागाहून गंधाच्या वाटेने झुंडीने येणारी जात उरलेल्यावर ताबा मिळविते. शोधण्यात तरबेज असलेली जात पुष्कळदा लढण्यात दुबळी असते. दुसरी वाटणी वेळेची. मोठे काळे मुंगळे उन्हाळ्यात बहुतेक काम रात्री उरकतात. सहारा वाळवंटातील रुपेरी मुंगी मात्र भर दुपारी, उन्हाने मेलेले किडे वेचते. तिसरी वाटणी जिनसांची. काही जाती मुख्यतः गवताचे बी साठवितात.

मावा मात्र या वाटणीत बसत नाही. त्याच्या अंगातून पाझरणारा मधासारखा चिकट रस रोज त्याच जागी मिळतो. म्हणून बळकट जात ते झाड अडवून धरते आणि माव्यावर उपजीविका करणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावते. अशा रीतीने मुंग्यांच्या भांडणाची किंमत वांग्याचे झाड मोजते. पाने आकसतात व सांडलेल्या रसावर काळी बुरशी वाढते.

यास्तव खोडावर मुंग्यांची रांग दिसताच पानांची खालची बाजू तपासावी. सरसकट विषारी फवारणी केल्यास ढालकिडेही मरतात. मावा थोडा असल्यास ग्रासलेले शेंडे खुडून नष्ट करावेत. वाढत असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून, एकूण १०० लिटर द्रावण करावे. नत्रखत बेताने द्यावे, कारण लुसलुशीत पाल्यावर मावा फोफावतो. वारुळे मात्र खणू नयेत. मुंग्या वाळवी व किडींची अंडी खातात. मावा हटला की त्या झाड सोडून पुन्हा जमिनीवरील आपापल्या वाट्याकडे वळतात.