पट्टी आणि कर : उन्हाळ्यातील गावव्यवहाराची भाषा

ग्रामीण बोलीचा विचार आपल्याकडे बहुधा उच्चार, प्रत्यय आणि म्हणी यांच्या अंगाने होतो. गावाचा सार्वजनिक कारभार ज्या शब्दांतून चालतो, त्यांच्याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. प्रस्तुत लेखात हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव व त्याच्या भोवतालची गावे डोळ्यांसमोर ठेवून या शब्दांचा विचार करावयाचा आहे. काळ मुद्दाम उन्हाळ्याचा घेतला आहे. याच दिवसांत गाव एकत्र येतो, पैसा गोळा करतो आणि पाण्यावरून भांडतोही.

आरंभ स्थलनामांपासून करणे सोयीचे होईल. लोक ज्याला पेठ वडगाव म्हणतात, त्याचे नाव जनगणनेच्या कागदांत वडगाव कसबा असे आहे. याच तालुक्यात मौजे वडगाव हे निराळे गाव आहे आणि महामार्गावरील वाठारास वाठार तर्फ वडगाव म्हणतात. 'पेठ' हा शब्द कन्नड 'पेटे'च्या कुळातील होय. 'कसबा', 'मौजे' आणि 'तर्फ' हे तिन्ही अरबीतून फार्सीच्या द्वारे आले. कसबा म्हणजे परगण्यातील मुख्य बाजाराचे ठिकाण, मौजे म्हणजे साधे शेतकरी गाव आणि तर्फ म्हणजे काही गावांचा महसुली गट. ती व्यवस्था केव्हाच मोडली. परंतु वाठारच्या नावात वडगावचे जुने महत्त्व अद्याप शिल्लक आहे. कारभाराचे शब्द कारभारापेक्षा दीर्घायुषी असतात, हा यातून निघणारा पहिला निष्कर्ष.

आता उन्हाळ्याकडे वळू. पाडव्याच्या सुमारास उसाचा हंगाम आटोपत आलेला असतो. शाळांना सुटी लागते, लग्नसराई सुरू होते आणि मुंबई-पुण्यास गेलेली माणसे गावी येतात. चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरी येथे जोतिबाची मोठी यात्रा भरते व गावोगावच्या सासनकाठ्या तिकडे जातात. त्याच्या आगेमागे ठिकठिकाणच्या जत्रा येतात. दुसरीकडे १ एप्रिलपासून शासनाचे आर्थिक वर्ष सुरू होते, १ मे रोजी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे आणि विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते. अशा रीतीने एकाच ऋतूत, पुष्कळदा त्याच माणसांच्या, दोन प्रकारच्या बैठका होतात: एक जत्रेची आणि दुसरी पंचायतीची.

जत्रेच्या बैठकीत प्रश्न रोखठोक असतात. घरटी किती काढायचे? कुस्त्यांच्या मैदानाला किती ठेवायचे? गेल्या सालची शिल्लक कोणाकडे आहे? जमाखर्च वाचून दाखविला जातो आणि एखादा आकडा खटकला तर कोणीही मध्येच बोलतो. ग्रामसभेत हीच माणसे पुष्कळदा गप्प बसतात. या मौनाची कारणे अनेक आहेत. गटबाजी आहे, धाक आहे, उपयोग होणार नाही अशी भावनाही आहे. तथापि भाषा हे त्यांपैकी एक कारण आहे आणि ते आपल्या शास्त्राच्या कक्षेत येते.

'पट्टी' हा शब्द पाहा. मूळ अर्थ लांबट तुकडा. त्यावरून यादी आणि यादीप्रमाणे प्रत्येकाकडून घ्यावयाची रक्कम, असा अर्थविकास संभवतो. मराठी राजवटीच्या कागदपत्रांत हा शब्द कराच्या अर्थाने येतो आणि घरपट्टी, पाणीपट्टी हे शब्द आजही सर्वांच्या तोंडी आहेत. जत्रेसाठी गाव जी रक्कम काढतो तिलाही पट्टीच म्हणतात. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात देवासाठी दिलेला पैसा आणि पंचायतीस दिलेला पैसा एकाच नावाखाली येतात, आणि एकाचा हिशेब मागता येतो तसा दुसऱ्याचाही मागता येईल, ही जाणीव त्या एका शब्दात सुप्त आहे. कागदावर 'मालमत्ता कर' आला की हा दुवा तुटतो. पट्टी आपण बसवितो. कर आपल्यावर बसतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. परकी शब्द अवघड व संस्कृतोत्पन्न शब्द सोपे, किंवा याच्या उलट, असे समीकरण मांडता येत नाही. 'हिशेब' अरबी आहे, परंतु कोणास परका वाटत नाही. 'लेखापरीक्षण' संस्कृत घटकांचे आहे, परंतु गावात 'ऑडिट' म्हटले तर लवकर कळते. 'सरपंच' या शब्दात फार्सी 'सर' आणि संस्कृत 'पंच' सुखाने नांदतात. 'थकबाकी'त मराठी 'थकणे' आणि अरबी 'बाकी' एकत्र आहेत. 'ठराव' तर 'ठरणे' या घरच्या क्रियापदापासून झालेला. शब्दाचे कूळ गौण आहे. तो रोजच्या देण्याघेण्यात आला की नाही, हे महत्त्वाचे.

राज्यकारभाराची भाषा घडविण्याचे प्रयत्न मराठीस नवे नाहीत. शिवकाळातील राज्यव्यवहारकोश, बडोद्याचा १९३१ चा सयाजीशासनशब्दकल्पतरू आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे कोश ही त्यांची ठळक उदाहरणे होत. या कामाचे महत्त्व निर्विवाद आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर त्याविना मराठीत कारभार चालविणेच अशक्य होते. परंतु कोशकार शब्द देतो, तो रुजविणे त्याच्या हाती नसते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. काम बदलले, माणूस बदलला आणि 'तलाठी' हे नाव रूढ झाले. २०२४ मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' हे पदनाम ठरविण्यात आले. ते लोकांच्या तोंडी कधी बसते, हे पाहण्यासारखे आहे. समोरासमोर मात्र 'भाऊसाहेब' हेच संबोधन चालते.

अडचण केवळ शब्दांचीही नाही, वाक्यरचनेची आहे. नमुन्यादाखल पुढील रचना घेऊ: 'चतुर्वार्षिक फेरआकारणीनुसार मालमत्तांचे करयोग्य मूल्य निर्धारित करण्यात आले असून, हितसंबंधितांनी विहित मुदतीत आक्षेप दाखल न केल्यास आकारणी यादी अंतिम समजण्यात येईल.' या वाक्यात मूल्य कोणी ठरविले हे नाही. यादी अंतिम कोण समजणार हेही नाही. वाचणाऱ्यास ज्याची खरी गरज, तो हक्क 'न केल्यास' या नकारात दडला आहे. हाच मजकूर असाही लिहिता येईल: 'नगरपरिषदेने घरपट्टी नव्याने बसविली आहे. कोणत्या घरास किती, याची यादी कचेरीत लावली आहे. आपली पट्टी जास्त वाटत असल्यास अमुक तारखेच्या आत लेखी कळवा. त्यानंतर तक्रार घेतली जाणार नाही.' येथे कर्ता आहे, स्थळ आहे, दिवस आहे आणि वाचणाऱ्याने काय करावयाचे तेही आहे. कायद्याच्या अर्थास यामुळे बाध येत नाही.

दवंडीची रचना अशीच असे: कोणी, कोठे, केव्हा, काय. तिची थोरवी गाताना तिचा इतिहास मात्र विसरता कामा नये. दवंडी देणे, लोकांना चावडीवर बोलावणे ही कामे वतनी पद्धतीत महार समाजावर लादलेली होती आणि त्या बंधनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. ज्याच्या मुखाने गावास बातमी कळे, त्यास त्याच चावडीवर मत नव्हते. जत्रेच्या बैठकीतही स्त्रियांचा आवाज आजवर क्वचितच ऐकू आला आहे. तेव्हा जुनी व्यवस्था परत आणणे हा उपाय नव्हे. तिच्या वाक्याचा थेटपणा तेवढा घ्यावा.

पेठ वडगावच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. भोवतालच्या गावांत ग्रामपंचायती आहेत. नोटीस कळली नाही तरी ग्रामसभेत उठून विचारता येते. वडगावास नगरपरिषद आहे आणि नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमाखालील कारभारात ग्रामसभा नाही. नागरिकापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः कागद, आणि तो कागदच न उमगल्यास आक्षेपाची मुदत निघून जाते, वाढलेली पट्टी कायम होते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात एका गावाच्या नोटिसा आणि जत्रेच्या जमाखर्चाच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून अभ्यासाव्यात. कर्ता कोठे गाळला जातो आणि आकडा कोठे स्पष्ट येतो, याची नोंद करावी. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे काम लहान आहे. परंतु आपल्या घराची पट्टी का वाढली, हे विचारण्याची वेळ टळून गेली असे ज्यास मागाहून कळते, त्याच्या दृष्टीने ते लहान नाही.