व्हर्सायचा तह

पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१८) अखेरीस दोस्त राष्ट्रे व जर्मनी यांच्यात फ्रान्समधील व्हर्साय येथे २८ जून १९१९ रोजी झालेला तह. तो १० जानेवारी १९२० पासून अंमलात आला. कायमच्या शांततेसाठी केलेल्या या तहानंतर अवघ्या वीस वर्षांत दुसरे महायुद्ध भडकले. त्यामुळे कठोर तहातून नवे युद्ध कसे उद्‌भवते, याचे उदाहरण म्हणून त्याचा नेहमी निर्देश केला जातो.

तहाच्या अटी ठरविण्यात फ्रान्सचे पंतप्रधान झॉर्झ क्लेमांसो, ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज व अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा मुख्य वाटा होता. विल्सन यांच्या चौदा कलमांवर भिस्त ठेवून जर्मनीने शस्त्रसंधी स्वीकारला होता. परंतु वाटाघाटींत तिला स्थान मिळाले नाही. ७ मे १९१९ रोजी तयार मसुदा जर्मन शिष्टमंडळाच्या हाती देण्यात आला आणि आक्षेप केवळ लेखी नोंदविण्याची मुभा ठेवण्यात आली. सही न केल्यास युद्ध पुन्हा सुरू होईल, असा निर्वाणीचा इशारा मिळाल्यावर शायडेमान मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व नव्या मंत्रिमंडळाच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या. ज्या आरसेमहालात १८७१ मध्ये फ्रान्सच्या पराभवानंतर जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती, तोच महाल या समारंभासाठी मुद्दाम निवडण्यात आला. हिंदुस्थानातर्फे भारतमंत्री माँटेग्यू व बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सह्या केल्या.

तहाची एकूण ४४० कलमे होती. त्यांनुसार जर्मनीचा सु. १३% प्रदेश व सु. १०% लोकसंख्या तिच्या हातून गेली. ॲल्सेस-लॉरेन फ्रान्सला, तर पोझेन व पश्चिम प्रशियाचा मोठा भाग पोलंडला मिळाला. त्यामुळे पूर्व प्रशिया उर्वरित जर्मनीपासून तुटला. डँझिग हे स्वतंत्र शहर झाले. सर्व वसाहती काढून घेण्यात आल्या. सैन्य १ लाखावर आणले गेले. रणगाडे, पाणबुड्या व लष्करी विमाने यांवर बंदी आली. ऱ्हाइनचा पश्चिम तीर व पूर्वेकडील ५० किमी. रुंदीचा पट्टा निर्लष्करी ठरविण्यात आला. या सर्वांहून २३१ वे कलम जर्मनांना अधिक झोंबले. नुकसानभरपाईस कायदेशीर आधार मिळावा, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. तथापि युद्धाचा सर्व दोष आपल्यावर लादला गेला, असा त्याचा अर्थ जर्मनीत सर्व पक्षांनी घेतला.

नुकसानभरपाईची रक्कम १९२१ मध्ये १३,२०० कोटी सुवर्ण मार्क ठरविण्यात आली. तीपैकी ८,२०० कोटींचे रोखे बव्हंशी कागदोपत्रीच होते. दोस्त राष्ट्रांतील जनतेच्या समाधानासाठी फुगविलेला हा आकडा जर्मनीतील जनतेला मात्र खराच वाटला. हप्ते थकताच जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियम यांनी रुर खोरे व्यापले. तेथील असहकारी कामगारांना पोसण्यासाठी सरकारने बेसुमार नोटा छापल्या. चलनवाढ आधीच सुरू होती. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले. मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत नाहीशी झाली आणि तिचा राग तहावर व त्यावर सही करणाऱ्या प्रजासत्ताकावर निघाला. वस्तुतः सप्टेंबर १९१८ मध्ये शस्त्रसंधीचा आग्रह सेनापती लूडेनडोर्फ यानेच धरला होता; पण पराभवाचे उत्तरदायित्व मुलकी नेत्यांच्या माथी आले. शस्त्रसंधीवर सही करणारे एर्झबेर्गर यांची १९२१ मध्ये हत्या झाली.

तथापि तहापासून युद्धापर्यंतची वाट सरळ नव्हती. डॉझ योजना (१९२४) व लोकार्नो करार (१९२५) यांनी तणाव बराच निवळला. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला केवळ २·६% मते पडली. जागतिक मंदीत जुलै १९३२ मध्ये ती ३७% च्या वर गेली. त्याच वर्षी लोझॅन परिषदेत नुकसानभरपाई जवळजवळ रद्द झाली होती, म्हणजे हिटलर सत्तेवर आला तेव्हा हे ओझे उतरलेलेच होते. उरली होती ती अपमानाची भावना, आणि तिचा त्याने पुरेपूर उपयोग केला.

अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१९ मध्येच हा तह आर्थिक दृष्ट्या विनाशक असल्याचे प्रतिपादन केले व त्यांच्या ग्रंथाने ब्रिटनमध्ये अपराधीपणाची भावना रुजविली. फ्रेंच लेखक झाक बँव्हील यांचा आक्षेप याच्या उलट होता : जर्मनीला चीड येईल इतका हा तह कठोर, पण तिचे सामर्थ्य शाबूत राहील इतका सौम्य आहे. पुढील घटनांनी बँव्हील यांच्या म्हणण्यास अधिक पुष्टी दिली. जर्मनी अखंडच राहिली आणि तिच्या पूर्वेस बलाढ्य रशियाऐवजी दुबळी नवी राष्ट्रे आली. अमेरिकेच्या सीनेटने तह फेटाळल्याने फ्रान्सला द्यावयाची संरक्षणाची हमीही बारगळली. तह अन्याय्य आहे असे ब्रिटनमध्येच वाटू लागल्यावर तो राबविणार कोण, हा प्रश्न होता. १९३५ मध्ये हिटलरने सक्तीची लष्करभरती सुरू केली व ७ मार्च १९३६ रोजी ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य धाडले. तेव्हा प्रतिकार झाला नाही. चढाईचे धैर्य त्याला येथून आले. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर केलेल्या स्वारीला डँझिगची मागणी हे निमित्त होते. पूर्वेकडे प्रदेश बळकावण्याचा त्याचा हेतू मात्र तहातील कोणत्याही सवलतीने पुरा होण्यासारखा नव्हता.

जून १९४० मध्ये फ्रान्स शरण आला, तेव्हा १९१८ च्या शस्त्रसंधीवर ज्या रेल्वेच्या डब्यात सह्या झाल्या होत्या, तोच डबा काँप्येन्यच्या अरण्यात पुन्हा वापरण्यात आला. नुकसानभरपाई फेडण्यासाठी जर्मनीने काढलेल्या कर्जांवरील व्याजाचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी चुकता झाला.