हेलिपॅडजवळ ड्रोन : नियम काय सांगतात?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. 45 फूट ही तेथील धोक्याची पातळी होय. त्या दिवसांत कोल्हापूर-सांगली भागात हेलिकॉप्टरांची मदत घ्यावी लागली आणि ड्रोनने टिपलेली पुराची दृश्येही घरोघरी पाहिली गेली. ही दोन्ही वाहने एकाच आकाशात आली तर काय करावयाचे, हा प्रश्न केवळ वैमानिकांचा नाही. कुपवाड नदीपात्रापासून दूर आहे. अशा ठिकाणचे एखादे मोकळे मैदान पूरकाळात हेलिकॉप्टर उतरविण्यास उपयोगी पडू शकते.

केंद्र शासनाचे ड्रोन नियम 25 ऑगस्ट 2021 रोजी प्रसिद्ध झाले. त्यांनुसार हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा व लाल असे तीन विभाग करण्यात आले असून ते 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावरील नकाशात पाहावयास मिळतात. हिरव्या विभागात जमिनीपासून 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटर उंचीपर्यंत, उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते. पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रण यंत्रणेची, तर लाल विभागात केंद्र शासनाची परवानगी आवश्यक असते.

यातील 'चालू' हा शब्द महत्त्वाचा आहे. कुपवाडजवळ कवलापूरची जुनी धावपट्टी असली तरी ती वापरात नाही. कोल्हापूरचा विमानतळ 12 किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे आहे. त्यामुळे विमानतळाच्या वर्तुळाचे बंधन येथे येत नाही. परंतु एवढ्यावरून आकाश मोकळे आहे असे मानणे चुकीचे ठरेल. रातोरात चुन्याने आखलेल्या हेलिपॅडभोवती नकाशावर आपोआप लाल वर्तुळ उमटत नाही, आणि उतरणारे हेलिकॉप्टर शेवटी त्याच 400 फुटांच्या थरातून खाली येते. ताशी 108 किलोमीटर वेगाने येणारे हेलिकॉप्टर सेकंदाला 30 मीटर अंतर कापते. समोरचा वीतभर ड्रोन वैमानिकाला दिसेपर्यंत वळण्यास वेळ उरत नाही.

म्हणूनच नियमांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. माणसे वाहून नेणाऱ्या विमानास वा हेलिकॉप्टरास ड्रोनने नेहमीच वाट द्यावयाची, त्यापासून दूर राहावयाचे. विभाग हिरवा असला तरीही. दुसरे, तातडीची गरज असल्यास राज्य शासन किंवा पोलीस यंत्रणा विशिष्ट जागेपुरता तात्पुरता लाल विभाग जाहीर करू शकते. हा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्यास असून मुदत एका वेळी जास्तीत जास्त 96 तास असते. उड्डाणापूर्वी असा निर्बंध आहे काय, हे संकेतस्थळावर पाहणे ड्रोनचालकास बंधनकारक आहे. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे पाहणे का आवश्यक, याचे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. 21 सप्टेंबर 2017 रोजी तेथे एक ड्रोन सैन्याच्या हेलिकॉप्टरच्या मुख्य पंख्याच्या पात्यास धडकला. हेलिकॉप्टर सुखरूप उतरले. ड्रोन चालकाच्या नजरेआड गेलेला होता. त्या भागातील निर्बंधाची त्यास माहिती नव्हती आणि चौकशी अधिकारी येईपर्यंत टक्कर झाल्याचेही त्याला ठाऊक नव्हते. नकाशा दाखविणाऱ्या उपकरणाला त्या वेळी इंटरनेट जोडलेले नव्हते. महापुरात मोबाइलचे मनोरे बंद पडतात, हे आपल्याकडे कोणाला सांगावयास नको!

तेव्हा केवळ नकाशावर विसंबून चालणार नाही. मैदान निश्चित होताच महसूल यंत्रणेने पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयास कळवावे. ग्रामपंचायतीने वा नगरसेवकांनी दवंडी, ध्वनिक्षेपक, शाळेचा फलक यांपैकी जे साधेल त्याने लोकांना सांगावे. लग्नसमारंभाचे चित्रण करणारे, शेतफवारणीचे ड्रोन चालविणारे आणि हौशी तरुण यांची नावे व दूरध्वनी क्रमांक आधीच एका वहीत असतील तर हे काम अर्ध्या तासात होते. पाहणीसाठी प्रशासनाचाच ड्रोन वर असेल, तर हेलिकॉप्टर येण्यापूर्वी तोही खाली उतरविला पाहिजे. तो परत बोलावण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र उड्डाणाआधीच ठरलेले असावे.