जुन्या मोटारगाडीतील पाणीगळती : शोध आणि उपाय

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा आहे. येथे वर्षाकाठी साधारणपणे १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. धानाचे बियाणे, खत व औषधे तालुक्याच्या गावाहून आणण्याची घाईही याच दिवसांत असते. अनेक शेतकरी कुटुंबांकडे या कामासाठी जुनी मोटारगाडी असते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले, तरी या गाड्या, जुन्या जीप व त्यांच्यासारखी इतर वाहने खेड्यापाड्यांत आजही कामात आहेत. अशा गाडीत पावसाचे पाणी शिरू लागले म्हणजे मालक जिथे ओल दिसते तिथे एम-सील किंवा डांबर लावून मोकळा होतो. पुढच्या पावसात पाणी पुन्हा हजर असते.

याचे कारण धान उत्पादकांना समजावून सांगण्याची गरज नाही. बांधीतले पाणी रात्रीतून ओसरते आणि खालच्या बांधीत भलत्याच ठिकाणी झरा दिसतो. खेकड्याच्या बिळाचे तोंड मात्र धुऱ्याच्या वरच्या अंगाला, दोन-चार हात बाजूला सापडते. खालच्या झऱ्यावर चिखल थापून पाणी थांबत नाही, वरचे तोंड बुजवावे लागते. गाडीचेही असेच आहे. पाणी जिथे साचते तिथून ते शिरलेले नसते. म्हणून आधी शोध व मग दुरुस्ती हा क्रम पाळावा.

गळतीमुळे होणारे नुकसान

गाडीच्या तळाला पत्रा, त्यावर जाड नमदा किंवा स्पंज आणि त्यावर गालिचा अशी रचना असते. वरचा गालिचा दोन दिवसांत वाळतो, पण खालचा नमदा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. त्यामुळे पत्रा आतून गंजतो व छिद्र पडल्यावरच ते मालकाच्या लक्षात येते. आसनाखालून जाणाऱ्या तारांच्या जोडांना ओल लागून दिवे व इतर विद्युत साधने अधूनमधून बंद पडतात.

शेतीच्या दृष्टीने दुसरे नुकसान अधिक महत्त्वाचे आहे. धानाच्या बियाण्यात साठवणीच्या वेळी १३ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसावा. ओल्या तळावर ठेवलेले पोते खालून ओलावा ओढते. वरून ते कोरडे दिसत असल्याने तसेच घरात थप्पीला लागते, आतले बियाणे तापते, त्यावर बुरशी चढते आणि उगवणशक्ती घटते. बियाणे लगेच भिजवून पेरायचे असेल तर ओलीने फारसे बिघडत नाही. परंतु पाऊस लांबल्यामुळे पेरणी पुढे गेली, तर असे बियाणे दगा देते. शंका आल्यास १०० दाण्यांची उगवण तपासून पाहावी. प्रमाणित धान बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असावी लागते.

युरिया हवेतील ओलावाही शोषून घेतो व त्याचे खडे होतात. सांडलेले पोटॅश किंवा अमोनियम सल्फेट ओलीत विरघळून पत्र्याच्या सांध्यात उतरले की गंज फार झपाट्याने वाढतो. ओली व खताने माखलेली गाडी म्हणूनच लवकर कुजते.

पाणी कोणते, हे प्रथम ठरवावे

गाडीत सापडलेले सर्व पाणी पावसाचे नसते. पुढील प्रश्नांची उत्तरे पाहावीत.

१) गाडी पावसात नुसती उभी असताना पाणी आले का? आले असल्यास ते वरून शिरते. काच, दरवाजे, छत व डिकी तपासावी.

२) उभ्या गाडीत पाणी येत नाही, पण साचलेल्या पाण्यातून गाडी चालवल्यावर येते का? मग ते खालून शिरते. तळाचा पत्रा, तळाची रबरी बुचे व चाकावरील कमानी तपासाव्यात.

३) पाऊस नसताना, फक्त एसी चालवल्यावर पायाशी ओल येते का? एसी चालू असताना हवेतील बाष्पाचे पाणी होते व ते एका बारीक नळीने गाडीखाली पडते. ही नळी धूळ-मातीने बंद झाली की पाणी डॅशबोर्डखाली उतरते. दमट दिवशी गाडी उभी करून १५ मिनिटे एसी चालवावा. खाली पाणी टपकले नाही तर नळी तुंबली आहे असे समजावे.

४) इंजिन तापल्यावर ओल येते, काच आतून चिकट धुरकट होते आणि रेडिएटरचे पाणी कमी होते का? मग हीटरची जाळी किंवा तिचा पाइप गळत आहे. कूलंट असेल तर पाणी रंगीत, बुळबुळीत व गोडसर वासाचे असते. रेडिएटरमध्ये साधेच पाणी भरले असेल तर रंग-वासावरून ओळख पटत नाही, तेव्हा पातळीवर लक्ष ठेवावे. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडावे. कूलंट विषारी असते, म्हणून ते मुलांच्या व जनावरांच्या तोंडी जाऊ देऊ नये.

पाणी शिरण्याच्या नेहमीच्या जागा

वायपरखालील जाळी : बॉनेट आणि समोरची काच यांच्या मध्ये हवा आत घेण्याची जाळी असते. तिच्याखालच्या पन्हळीतून पाणी बाजूंनी खाली जाते. कडुलिंब, चिंच अशा झाडाखाली गाडी उभी केल्यास बारीक पाला या पन्हळीत कुजतो व निचऱ्याची वाट बंद होते. पाणी तुंबून हवेच्या मार्गाने थेट पुढच्या माणसाच्या पायाशी येते. ही जागा सर्वप्रथम साफ करावी, कारण तिला खर्च काहीच येत नाही.

समोरची व मागची काच : जुन्या गाड्यांत काच रबरी पट्टीत बसवलेली असते. उन्हाने रबर कडक होते, कोपऱ्यांवर तडकते व त्याखाली पत्रा गंजतो. येथून शिरलेले पाणी खांबाच्या आतून उतरते आणि डॅशबोर्डखाली निघते.

दरवाजा : दरवाज्याच्या काचेच्या कडेने थोडे पाणी आत जाणारच, तशी त्याची रचनाच आहे. ते पाणी दरवाज्याच्या पोटातून खालच्या छिद्रांवाटे बाहेर पडते. आतल्या पुठ्ठ्यामागे चिकटवलेली पन्नी ते गाडीच्या आत येऊ देत नाही. खिडकीची मशीन किंवा कुलूप दुरुस्त करताना ही पन्नी फाडली जाते व पुन्हा लावली जात नाही. जुन्या गाडीत दाराशी गळती होण्याचे हे मोठे कारण आहे. दार हलवल्यावर आत पाणी डचमळत असेल तर खालची छिद्रे बंद आहेत.

दरवाज्याचे रबर : रबर दबलेले आहे का हे पाहण्यासाठी कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे व पट्टी ओढावी. सगळीकडे ती सारख्याच जोराने निघाली पाहिजे. सहज सुटते तिथे रबर दबलेले असते.

डिकी व मागचे दिवे : मागच्या दिव्यांमागील गॅसकेट वाळले की पाणी जादा चाक ठेवण्याच्या खळग्यात साचते. हा खळगा महिन्यातून एकदा उघडून पाहावा.

छत व तारांची छिद्रे : कॅरियरचे नटबोल्ट, रेडिओची एरियल, छताचे सांधे तसेच इंजिनकडून आत येणाऱ्या तारा व केबल यांच्याभोवतीची रबरी बुचे तपासावीत. बाजारातून नवी तार टाकून घेताना पाडलेले छिद्र बहुधा उघडेच राहते.

शोधाची पद्धत

या कामाला दोन माणसे, पाण्याची साधी नळी, टॉर्च, जुनी वर्तमानपत्रे व अर्धा दिवस लागतो. बागेला पाणी देतो तेवढाच दाब ठेवावा. धुलाई केंद्रातील जोरदार फवारा वापरू नये, कारण तो चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो व शोध चुकतो.

१) बॅटरीची ऋण बाजूची तार काढावी. गालिचा व नमदा उचलून तळ पूर्ण कोरडा करावा. ओल्या गाडीत गळती शोधता येत नाही.

२) तळावर, खांबांच्या बुडाशी व डिकीत वर्तमानपत्र अंथरावे. कागदावरील पहिला डाग पाण्याची वाट दाखवतो.

३) एक जण टॉर्च घेऊन आत बसावा. दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर जावे. आधीच छतावर पाणी ओतले तर ते सर्व जागांवरून वाहते आणि नेमकी जागा कळत नाही.

४) एका वेळी एकच जागा भिजवावी. प्रत्येक जागेला पाच ते दहा मिनिटे द्यावीत व थोडे थांबून मगच पुढे सरकावे. पाणी खांबातून उतरायला वेळ घेते.

५) सपाटीवर काही सापडले नाही तर गाडीचे तोंड उताराकडे व नंतर चढाकडे करून चाचणी पुन्हा घ्यावी. उतार बदलला की तुंबलेले पाणी वाट बदलते.

६) तरीही उलगडा न झाल्यास बॅटरीची तार पुन्हा जोडावी. सर्व काचा बंद करून ब्लोअर बाहेरची हवा घेण्याच्या स्थितीत पूर्ण वेगाने चालवावा व बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जिथे बुडबुडे येतात तिथे फट आहे.

समजा, डाव्या बाजूच्या मागच्या आसनाखाली पाणी साचते. मालकाला मागच्या दाराचा संशय येतो. पण दार भिजवून कागद कोरडाच राहिला आणि वायपरखालील जाळीवर पाणी सोडताच पुढे डॅशबोर्डखाली डाग उमटला, तर मागच्या दाराला नवे रबर बसवण्याचा खर्च वाचला. पाणी पुढून शिरून नमद्याखालून मागच्या सखल भागात जात होते.

दुरुस्ती करताना घ्यावयाची काळजी

निचऱ्याची छिद्रे कधीही बुजवू नयेत. दाराच्या खालच्या कडेची व पन्हळीची छिद्रे ही गळती नसून पाण्याच्या वाटा आहेत. ती बुजवली की दार आतून कुजते. प्लास्टिकच्या मऊ काडीने ती मोकळी करावीत. एसीच्या नळीत टोकदार तार जोराने घालू नये.

फाटलेल्या पन्नीच्या जागी जाड प्लास्टिक लावून कडा चिकटवाव्यात व खालची कड दाराच्या पोटात सोडावी. तडकलेले रबर बदलावे. काचेखालील पत्रा गंजला असल्यास काच काढून गंज घासावा, प्रायमर व रंग लावावा आणि मगच काच बसवावी. गंजावर सिलिकॉन थापल्यास पाणी आत कोंडते व गंज झाकलेल्या जागी वाढतो. तळाच्या छिद्रांना डांबर लावणे हा तात्पुरताच उपाय आहे. तिथे पत्रा जोडून घ्यावा. एअरबॅग असलेल्या गाडीतील तारांचे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

दुरुस्तीनंतर नमदा बाहेर काढून उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावा, अन्यथा जुनी ओल नवी गळती वाटते. खात्रीसाठी पाण्याची चाचणी पुन्हा एकदा घ्यावी.

जुनी गाडी विकत घेताना

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराचे पाणी भंडारा शहरात व नदीकाठच्या गावांत शिरले होते. पुरात बुडालेली गाडी आणि गळणारी गाडी यांत फरक आहे. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहावा. शेवटच्या भागावर गाळाचा डाग, आसनाच्या रुळांवर सारखा गंज व डॅशबोर्डमागे बारीक माती आढळल्यास गाडी बुडालेली असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी घेताना तारांच्या दुरुस्तीचा खर्च हिशेबात धरावा.

सारांश

गळतीची तपासणी मृग लागण्यापूर्वी, मे महिन्यात करावी. त्या वेळी नमदा वाळवायला ऊन असते आणि मिस्त्रीही मोकळा असतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला वायपरखालचा पाला काढावा व दारांची छिद्रे पाहावीत. बियाण्याचे पोते गाडीत फळीवर किंवा ताडपत्रीवर ठेवावे, खत वेगळ्या खेपेत आणावे आणि कीटकनाशके माणसे बसतात त्या भागात ठेवू नयेत. शेतकरी बंधूंनी पाण्याचे तोंड शोधून मगच खर्च केल्यास गाडी अधिक वर्षे टिकेल व बियाणेही कोरडे घरी पोहोचेल.