विश्लेषण : व्हिडीओ गेमवरून काढलेले चित्र कोणाचे? चित्रकाराचे की कंपनीचे?

आवडत्या गेममधील पात्राचे चित्र काढून समाजमाध्यमांवर टाकायचे, त्याचे पोस्टर किंवा स्टिकर छापून विकायचे, एखाद्या यूट्यूबरला त्याच्या गेमिंग चॅनेलसाठी मुखचित्र करून द्यायचे. अनेक तरुण चित्रकारांसाठी हा छंद आहे आणि काहींसाठी कमाईचा मार्गही. पण पात्र कंपनीचे आणि हात चित्रकाराचा असेल, तर चित्राचा मालक कोण? ते विकता येते का? गेमच्या मुखपृष्ठांचा इतिहास आणि भारतीय कायदा यांच्या आधारे घेतलेला हा आढावा.

गेमला चित्रकाराची गरज का पडली?

अटारी कंपनीचा घरगुती गेम कन्सोल १९७७ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याची स्मृती होती अवघी १२८ बाइट. ‘कॉम्बॅट’ या गेममध्ये रणगाडा म्हणजे पडद्यावरचे काही चौकोनी ठोकळे. दुकानातल्या गिऱ्हाइकाला त्यातून युद्धाचा थरार जाणवणे अशक्य होते. ते काम खोक्यावरच्या चित्राने केले. क्लिफ स्पॉन यांच्यासारख्या चित्रकारांनी रणगाडे, विमाने आणि माणसे यांची रंगीत गुंफण असलेली चित्रे काढली. ‘अ‍ॅडव्हेंचर’ या गेमचे मुखपृष्ठ सुझन जेकेल यांचे. पडद्यावर जेमतेम ओळखू येणारा ड्रॅगन खोक्यावर खराखुरा वाटे. खेळणारा मूळ चित्र मनात ठेवूनच ठोकळ्यांकडे पाहत असे.

जपानमध्येही हेच घडले. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) साठी अकिरा तोरियामा यांनी आणि ‘फायनल फँटसी’ (१९८७) साठी योशिताका अमानो यांनी पात्रे रेखाटली. अमानो यांच्या नाजूक रेषा आणि जलरंगाचे ओघळ त्या काळच्या पडद्यावर उतरणे शक्यच नव्हते. तरीही त्या मालिकेची ओळख त्याच चित्रांनी घडवली.

एकाच गेमची मुखपृष्ठे वेगवेगळी का?

मुखपृष्ठ हे खेळणाऱ्यासाठी असते, तसेच ते विक्रेत्यासाठीही असते. देश बदलला की गिऱ्हाईक बदलते आणि कंपनी चित्र बदलते. ‘मेगा मॅन’ (१९८७) मधला नायक निळ्या चिलखतातला यंत्रमानव मुलगा आहे. त्याच्या हातालाच तोफ आहे. अमेरिकेतल्या खोक्यावर मात्र निळ्या-पिवळ्या पोशाखातला, हातात पिस्तूल धरलेला प्रौढ माणूस दिसतो. हे चित्र इतके बदनाम झाले की, कॅपकॉम कंपनीने २०१२ मध्ये ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’ या गेममध्ये त्याच रूपातला नायक आणून स्वतःचीच थट्टा केली.

‘इको’ (२००१) चे उदाहरण उलट दिशेचे. दिग्दर्शक फुमितो उएडा यांनी स्वतः मुखपृष्ठ रंगवले. त्यामागे इटालियन चित्रकार जॉर्जो द किरिको यांच्या लांब सावल्यांच्या ओसाड वास्तुचित्रांची प्रेरणा होती. जपान आणि युरोपमध्ये ते वापरले गेले. अमेरिकेत मात्र मुलाचा मोठा चेहरा असलेले सरधोपट चित्र छापले गेले. उएडा यांनी द किरिको यांचे चित्र उतरवून घेतले नाही. त्यातला एकाकीपणा घेतला आणि आकृत्या, वास्तू, प्रसंग आपले ठेवले. प्रेरणा आणि नक्कल यांतला फरक समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयोगी पडते.

चाहत्याचे चित्र कंपनीपर्यंत पोहोचते का?

पोहोचते. अमेरिकी चित्रकार आर. जे. पामर यांनी पोकेमॉन खरे प्राणी असते तर कसे दिसले असते, या कल्पनेवर चित्रे काढून इंटरनेटवर टाकली होती. ‘डिटेक्टिव्ह पिकाचू’ (२०१९) या चित्रपटाच्या कलादिग्दर्शन विभागाच्या ती नजरेस पडली आणि पामर यांना संकल्पनाचित्रे काढण्याचे काम मिळाले. पिसे, खवले, त्वचा यांचा प्राणिशास्त्रासारखा विचार ही त्यांची स्वतःची भर होती. कंपनीच्या चित्राची हुबेहूब प्रत काढली असती, तर त्यांना बोलावण्याचे कारणच उरले नसते.

चोरी नेहमी चाहताच करतो असेही नाही. जुलै २०२५ मध्ये ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ या मोबाइल गेममधील हो-ओह या पक्ष्याचे नवे कार्ड एका चाहत्याच्या जुन्या चित्राशी मिळतेजुळते असल्याचे खेळाडूंच्या लक्षात आले. अधिकृत संदर्भ म्हणून चुकीचे साहित्य चित्रकाराकडे गेल्याचे मान्य करून कंपनीने माफी मागितली आणि कार्डावरचे चित्र मागे घेतले. चाहत्याच्या चित्रावर तारीख आणि नाव असल्याचा उपयोग अशा वेळी होतो.

भारतीय कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये ‘फॅन आर्ट’ असा वेगळा प्रकारच नाही. कलाकृतीची प्रत काढणे आणि तिचे रूपांतर करणे हे दोन्ही हक्क कलम १४ नुसार मूळ मालकाचे. म्हणजे पात्राचे चित्र स्वतःच्या हाताने काढले तरी ते ओळखू येण्याइतके मूळ पात्रावर बेतलेले असेल, तर परवानगीचा प्रश्न येतोच. ‘पैसे घेतले नाहीत’ किंवा ‘खाली मूळ कंपनीचे नाव लिहिले’ एवढ्याने तो सुटत नाही.

कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत : खासगी वापर, अभ्यास, टीका आणि समीक्षा. सरावासाठी वहीत काढलेले चित्र त्यात बसते. गेमच्या परीक्षणासोबत त्यातले दृश्य दाखवण्यालाही आधार आहे. मात्र, पोस्टर छापून विकणे खासगी वापरात बसत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. उल्लंघन व्यापारी फायद्यासाठी नसेल, तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकते. गेमचे नाव आणि बोधचिन्ह यांना ट्रेडमार्क कायद्याचे आणखी एक कुंपण असते.

प्रेरणा कुठे संपते, नक्कल कुठे सुरू होते?

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात दिलेली कसोटी आजही वापरली जाते. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य माणसाला दुसरी ही पहिलीचीच प्रत आहे असे निःसंशय वाटले, तर ते उल्लंघन. टोपी घातलेला मिशाळ कारागीर ही कल्पना झाली. लाल टोपी, निळी डंगरी आणि टोपीवर ‘एम’ अक्षर म्हणजे मारिओ.

पात्रांबाबतही निकाल आहेत. ‘नागराज’ या कॉमिकच्या नायकाशी साम्य असलेल्या ‘नागेश’ला दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मनाई केली. वैशिष्ट्यपूर्ण पात्राला संरक्षण मिळू शकते, हे तत्त्व २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘दबंग’मधील चुलबुल पांडेच्या संदर्भात मान्य केले.

मग इतकी चित्रे उघडपणे कशी विकली जातात?

कारण अनेक कंपन्या डोळेझाक करतात. चाहत्यांची चित्रे म्हणजे फुकटची जाहिरात. टोकियोत १९७५ पासून भरणाऱ्या ‘कॉमिक मार्केट’मध्ये चाहत्यांनी काढलेली पुस्तके खुलेआम विकली जातात. काही कंपन्यांनी नियमच जाहीर केले आहेत. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ची कंपनी चाहत्यांना मर्यादित प्रमाणात वस्तू बनवून विकण्याची अटींसह मुभा देते. मायक्रोसॉफ्टच्या नियमांचा भर वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरावर आहे. डोळेझाक हा हक्क नव्हे, ती कधीही संपू शकते. त्यामुळे छपाईवर पैसे घालण्याआधी त्या त्या गेमच्या संकेतस्थळावरील नियम वाचणे शहाणपणाचे.

मागणीवरून काढलेल्या चित्राचा मालक कोण?

नव्या चित्रकारांची खरी फसगत इथे होते. एखाद्या छोट्या गेम स्टुडिओने पैसे देऊन रंगचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ नुसार पहिला मालक पैसे देणारा ठरतो. नोकरीत काढलेल्या चित्रांचेही तसेच. मुखपृष्ठासाठी काढलेले चित्र पुढे टी-शर्टवर छापले गेले, तरी करारात तरतूद नसल्यास चित्रकाराला जादा पैसे मागणे अवघड जाते.

चित्रकाराकडे असलेले हक्क हस्तांतरित करायचे असतील, तर कलम १९ प्रमाणे तो करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते. कलम ५७ नुसार दोन गोष्टी मात्र चित्र विकल्यानंतरही चित्रकाराकडेच राहतात : कर्ता म्हणून नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार.

चित्रकाराने काय करावे?

सराव आणि पोर्टफोलिओसाठी गेमवरची चित्रे जरूर काढावीत, मात्र ती ‘चाहत्याचे चित्र’ म्हणून स्पष्ट नोंदवावीत. थरांसह मूळ फाइल, कच्ची रेखाटने आणि तारखा जपून ठेवाव्यात. काम घेताना चित्र कुठे, किती काळ आणि कशावर छापले जाणार, हे लेखी घ्यावे. निदान ईमेलवर तरी. आणि पोर्टफोलिओत निम्मी तरी चित्रे स्वतःच्या पात्रांची असावीत. विकताना परवानगी लागत नाही ती त्यांचीच.

त्यासाठी दूर जायला नको. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. पहाडी लघुचित्रांची धाटणी, राजस्थानी किल्ल्यांसारखे सज्जे आणि कथा सांगण्यासाठी छायाबाहुल्या, असे त्याचे रूप आहे. या परंपरांवर कोणा एका कंपनीचा हक्क नाही. ‘राजी’च्या पात्रांवर आणि चित्रांवर मात्र आता आहे.